बरं, फादर

लग्नाची तारीख नक्की करण्यासाठी धर्मग्रामातील कुटुंबे आमच्या कचेरीत येतात तेव्हा बाप्तिस्म्याचे आणि दृढीकरणाचे दाखले सोबत आणतात, गायनमंडळाची चौकशी करतात, वेदीजवळ फुले कोणी लावायची ते विचारतात. केकविषयी धर्मगुरूला कोणी विचारीत नाही आणि ते योग्यच आहे. १९८३ सालच्या धर्मसंहितेत विवाहसंस्काराविषयी शंभराहून अधिक नियम आहेत. त्यांत केकचा उल्लेख एकदाही नाही. वधूवरांची मोकळी संमती, ती चर्चच्या वतीने स्वीकारणारा सेवक आणि दोन साक्षीदार, एवढ्यावर सामान्यतः विवाह सिद्ध होतो. तरीही पंचवीसहून अधिक वर्षांच्या सेवेत लग्नघरातील जे अश्रू मी पाहिले, त्यांतले काही या केकपायी वाहिलेले आहेत. तेव्हा या लेखात एका केकविषयी लिहावे असे मनात आहे. दिलेल्या शब्दाविषयीही लिहायचे आहे. कारण त्या प्रकरणात एक शब्द मोडला गेला आणि तो मोडणाऱ्यांत मी स्वतःही होतो.

आपल्यातील काही जाणत्या मंडळींना लग्नातला केकच मान्य नाही. हा परक्यांचा थाट, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या आज्यांच्या काळी मांडवाखाली सांदणे आणि फुगे होत, गोव्यात लग्नघरातून बोल आणि दोस वाटले जात, आणि यांपैकी कशालाही तीन मजले नव्हते. मजल्यांची हौस आपण इंग्रजांकडून घेतली. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या विवाहातला केक सुमारे तीनशे पौंड वजनाचा होता. पांढऱ्या कडक साखरेच्या लेपाला आजही ‘रॉयल आयसिंग’ म्हणतात. मात्र लग्नात धान्याची भाकर मोडून वाटून घेणे ही रीत याहून कितीतरी जुनी आहे. प्राचीन रोममध्ये उच्च कुळांतील विवाहाचा एक प्रकार असा होता की त्यात वधूवर गव्हाच्याच जातीच्या एका धान्याची भाकर वापरीत, आणि त्या धान्यावरूनच त्या विधीला नाव पडले होते. म्हणून केकला अगदीच परका ठरवण्याचे धाडस मला होत नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस सरला, तोही काही विवाहाला अत्यावश्यक नव्हता. तरी पवित्र मरियेने यजमानांना साधेपणाचा उपदेश केला नाही. काय उणे पडले आहे ते तिने आपल्या पुत्राच्या कानी घातले. गरिबाच्या घरी आयुष्यात एकदा येणाऱ्या दिवशी टेबलावर एक शुभ्र वस्तू असावी, ही इच्छा चैनीच्या सदरात टाकून देणे मला जड जाते. ज्यांच्या घरी प्रत्येक वाढदिवसाला केक येतो त्यांनी ती तशी टाकणे तर मुळीच शोभत नाही.

इच्छा मान्य केली तरी हिशेब करावाच लागतो. चारशे पाहुण्यांना पन्नास-पन्नास ग्रॅमचा तुकडा द्यायचा म्हटले तर वीस किलो केक हवा. स्टेजवरचा तीन थरांचा केक पाच किलोंचा असला तरी भारी दिसतो. म्हणजे तो सर्वांच्या मुखी लागावा अशी कोणाची अपेक्षाच नसते. तो कापण्यासाठी आणि छायाचित्रासाठी असतो. पाहुण्यांसाठी बिनआयसिंगचा साधा केक ट्रेमध्ये भाजून आत स्वयंपाकघरातच कापला तर पुष्कळ पैसे वाचतात, आणि चवीला तो बहुधा अधिक चांगलाही असतो. वरचे दोन थर थर्मोकोलचे आणि खालचा तेवढा खरा, अशीही सोय असते. एका आईने मला मोठ्या गंभीरपणे विचारले होते, “फादर, हे खोटे बोलणे तर होत नाही ना?” मी तिला ब्रिटनमधली हकीकत सांगितली. १९४० साली युद्धामुळे तेथे साखरेचे रेशनिंग सुरू झाले आणि पुढे केकवर आयसिंग करण्यालाच सरकारने बंदी घातली. तेव्हा नवी जोडपी पुठ्ठ्याचा सजवलेला केक भाड्याने आणीत आणि त्याच्या पोटात एक छोटासा खरा केक ठेवीत. त्यात कोणी फसले नाही, कारण सगळ्यांना सगळे ठाऊक होते. थर्मोकोलचे थर लावून खऱ्या केकचे पैसे घेतले तर ते खोटे. एरवी तो मांडवाच्या कापडी खांबांसारखाच शोभेचा भाग आहे.

आता बेकरीवाल्यांकडे वळू. त्यांच्याविषयीची गाऱ्हाणी मी इतकी ऐकली आहेत की त्यांचा एक स्वतंत्र ग्रंथ होईल. गुलाबी सांगितला तर निळा आला, नाव चुकीचे लिहिले, केक वाटेतच कलला, फोन बंद. ही माणसे इतरांपेक्षा मुळातच कमी प्रामाणिक असतात असे मला वाटत नाही. त्यांच्या धंद्याची घडी समजून घेतली तर काही गोष्टी उलगडतात. प्रायश्चित्तकाळात आणि आगमनकाळात आपण लग्ने लावीत नाही. पावसाळ्यात मांडव घालता येत नाही. मग वर्षभराची लग्ने दोन अरुंद खिंडींतून जातात. २०२४ साली भस्म बुधवार १४ फेब्रुवारीला आला आणि ईस्टर ३१ मार्चला. नाताळानंतरचे सात आठवडे, आणि ईस्टरनंतरपासून पाऊस पडेपर्यंतचे जेमतेम दोन महिने, एवढ्यात सारे बसवायचे. त्यातही सर्वांना शनिवार-रविवारच हवा. हॉल, वाजंत्री, केटरर, केकवाला यांची त्या दिवसांत ओढाताण होणारच. आणि ती आपल्या पंचांगाने केलेली असते.

दुसरी गोष्ट केकच्या अंगातली आहे. माझ्या लहानपणी लग्नाचा केक म्हणजे सुक्यामेव्याचा, काळसर, रमचा वास येणारा केक. मनुका, बेदाणे, संत्र्याच्या साली कितीतरी दिवस आधी भिजत घातलेल्या असत. असा केक भाजून ठेवला तर आठवडेच्या आठवडे टिकतो, उलट मुरून चांगला लागतो. इंग्लंडात तर त्याचा वरचा थर पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवण्याची चाल होती. त्यावर मार्झिपान आणि कडक आयसिंग चढले की मे महिन्याच्या उकाड्यातही तो ढिम्म हलत नसे. तो केक करणारा लग्नाच्या आठ दिवस आधी मोकळा होई. आज आपल्याला ताज्या क्रीमचा, हलका, पिसासारखा केक हवा असतो. तो शेवटच्या एक-दोन दिवसांतच करावा लागतो. त्याला फ्रिज लागतो, फ्रिजला वीज लागते आणि वाहतुकीला गार गाडी लागते. ज्या शब्दाला पूर्वी आठ दिवसांची ऐस होती, तो आता काही तासांच्या टोकावर उभा असतो. चव बदलली म्हणून वचनही नाजूक झाले, हे केक निवडताना आपल्या ध्यानात येत नाही.

आता घडलेली हकीकत सांगतो. त्या कुटुंबाच्या ओळखीच्या खुणा मी गाळल्या आहेत.

वडील वारलेले, आई घरकामे करणारी, मुलगा रिक्षा चालवणारा आणि त्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न. ५ मे २०२४, रविवार. पतपेढीचे कर्ज काढून झालेले. केकसाठी त्यांनी एका बेकरीवाल्याला दोन हजार रुपये आगाऊ दिले होते. लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा त्याने फोन उचलणे सोडले. मुलगा दुकानी गेला तर शटर खाली. त्या माणसाविषयी मला फार लिहायचे नाही. देण्याची इच्छाच नसताना पैसे घेणे याला चोरी म्हणतात, त्यासाठी तत्त्वज्ञान उघडावे लागत नाही. दुसऱ्या दुकानांतून त्यांना बारा हजारांच्या खाली कोणी उभे करीना. मग आई आणि मुलगा माझ्याकडे आले. आई काही बोलली नाही. मुलगा म्हणाला, “फादर, पाच हजार आहेत. पाचात कोणी करील का?”

आमच्याच धर्मग्रामात दुसऱ्या टोकाला राहणारी एक बाई घरी केक करते. हात चांगला, बोलणे मऊ, मिस्साला नियमित. त्यांच्यादेखतच मी तिला फोन लावला. तीन थर, पाच किलो, व्हॅनिला, पांढरे क्रीम, रविवारी संध्याकाळी सहाला हॉलवर पोचता. ती म्हणाली, “आठ हजार होतील, फादर.” मी म्हणालो, “अगं, गरीब घर आहे, बापावेगळी मुलगी आहे. पाचात कर.” पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मी आणखी म्हणालो, “देव तुला कमी करणार नाही.” मग ती म्हणाली, “बरं, फादर.” मी फोन ठेवला. मायलेकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आणि मला, खरे सांगायचे तर, स्वतःविषयी फार चांगले वाटले. मुलगा त्याच संध्याकाळी तिला दोन हजार देऊन आला.

पुढच्या आठवड्यात, १ मे रोजी, कामकरी संत योसेफाचा सण होता. त्या दिवशी मी प्रवचनात न्याय्य मजुरीवर बोललो. हे प्रवचन चांगले झाले, असे दोघांनी येऊन सांगितल्याचे मला आठवते.

रविवारी मिस्सा वेळेवर झाली. हॉलवर सात वाजले, आठ वाजले. केकचे टेबल पांढरे कापड घालून रिकामे होते. टोस्ट उरकला, जेवणे सुरू झाली. नवऱ्याकडची एक बाई दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. केकविषयीच म्हणाल्या असतील असे नाही, पण मुलीच्या आईला ते केकविषयीच वाटले. ती प्रत्येक टेबलापाशी जाऊन, कोणी विचारलेले नसताना, केक येतोय, येतोय, म्हणून सांगू लागली. नवरी रडली ती आईला तसे हिंडताना पाहून. सव्वानऊला केक आला. दोनच थर, खालच्या थराचे क्रीम एका बाजूने ओघळलेले. तोवर निम्मे पाहुणे निघून गेले होते.

घरी परतल्यावर रात्री साडेदहाला मी त्या बाईला फोन केला. इतक्या उशिरा करायला नको होता. तिचे काही ऐकून न घेता मी विचारले, “शब्द दिला होतास ना?” ती म्हणाली, “हो, फादर.” एवढेच.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. समज द्यायला गेलो होतो. ओटीवरच तिने शाळेची एक वही पुढे केली. त्यात आठ हजारांचा हिशेब मांडलेला होता: सामान ३,४००, मदतीला येणाऱ्या मुलीची दोन दिवसांची मजुरी १,०००, टेम्पो ७००, वीज आणि इतर ४००. हे झाले साडेपाच हजार. उरलेले अडीच हजार तिच्या स्वतःच्या तीन दिवसांच्या कष्टाचे. मी पाच म्हणालो तेव्हा तिचे कष्ट फुकट गेलेच, वर पदरचे पाचशे जायचे होते. म्हणून तिने मदतीच्या मुलीला येऊ नकोस म्हणून कळवले, टेम्पो सांगितला नाही आणि तोटा भरून काढायला त्याच रविवारच्या आणखी दोन ऑर्डरी घेतल्या. शनिवारी दुपारी तीन तास वीज गेली. एका ओव्हनवर तीन घरांचे केक एकमेकांच्या मागे रांगेत उभे राहिले. तिसरा थर सकाळी भाजला तो खचला. शेवटी तिच्या मुलाने स्कूटरवर, खोका मांडीवर धरून, दोन खेपांत केक नेला. बाकीचे तीन हजार तिने मागितले नव्हते, घेणारही नव्हती.

मी विचारले, “मग तेव्हाच नाही का म्हणाली नाहीस?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, “तुम्हाला कसं नाही म्हणायचं, फादर?”

या एका वाक्यावर मी तेव्हापासून विचार करतो आहे. आपल्या लोकांत नकार हा उद्धटपणा समजला जातो. बेकरीवाल्याची, सुताराची, शिंप्याची एक ठरावीक भाषा आहे: बघू या, काळजी करू नका, होऊन जाईल. ‘उद्या संध्याकाळपर्यंत होऊन जाईल’ या वाक्यात करणारा कोणी नाही, हे व्याकरणाच्या शिक्षकांनी मुलांना एकदा दाखवून द्यावे. पण ही भाषा त्यांनी एकट्यांनी घडवलेली नाही. ‘रविवारी जमणार नाही, हा भाव परवडणार नाही’ असे स्पष्ट सांगणाऱ्या कारागिराला आपण चढेल म्हणतो आणि ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याकडे जातो. दोन मुलांच्या दृष्टान्तात एक मुलगा पित्याला तोंडावर नाही म्हणतो आणि नंतर द्राक्षमळ्यात जातो. दुसरा आदबीने हो म्हणतो आणि जात नाही. या दुसऱ्यावर मी पुष्कळ वेळा बोललो आहे. त्याचे ते आदबीचे ‘हो’ कोणत्या भीतीतून आले असेल, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दृष्टान्तातला पिता अर्थातच निर्दोष आहे. मी त्या पित्याच्या जागी नव्हतो, ही गोष्ट मात्र मी विसरलो होतो.

संत थॉमस अॅक्वायनस असत्याची चर्चा करताना म्हणतात की पाळण्याच्या इराद्याने वचन देणारा मनुष्य, पुढे ते त्याच्या हातून पाळले गेले नाही तरी, खोटे बोललेला नसतो. मन बदलून मोडले तर ती निष्ठेतील उणीव ठरते, आणि परिस्थितीच पालटली असेल तर तोही दोष उरत नाही. वीज जाणे ही परिस्थिती होती असे म्हणून या बाईला सोडून देता येईल. पण तसे सोडणे मला खरे वाटत नाही आणि तिलाही वाटले नाही. दोन ऑर्डरी आणखी घेतल्या तेव्हाच आपला शब्द डळमळला हे तिला कळले होते. शनिवारी रात्री तिने त्या मुलाला एक फोन करायला हवा होता. तेवढा दोष तिचा. गरिबाचा दोष दिसू नये इतकी दया करणे हाही त्याचा एक प्रकारचा अपमानच आहे. तिने तो दोष माझ्यासमोर मान्य केला. प्रश्न माझ्या दोषाचा उरला.

‘सम्मा’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील अन्यायाचे एक प्रकरण आहे. वस्तूच्या मोलाहून अधिक घेणे जसे अन्याय्य, तसेच तिच्या मोलाहून कमी देऊन ती घेणे हेही अन्याय्य, असे तेथे दोन्ही बाजूंनी सांगितले आहे. सेमिनरीत ते मी शिकलो, परीक्षेत लिहिले. पण आयुष्यभर त्याचा पहिलाच अर्धा भाग माझ्या मनात राहिला. वाचताना डोळ्यांपुढे नेहमी लबाड दुकानदार येई, गिऱ्हाईक कधी आले नाही. आपण गिऱ्हाईक असतो म्हणूनच असेल. घासाघीस करणे पाप आहे असे मी म्हणत नाही. बाजारात दोघेही मोकळे असतात. विकणारा मान हलवून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळू शकतो. तो वळू शकत नसेल तेव्हा काय? पोप तेराव्या लिओंनी १८९१ सालच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपरिपत्रकात नेमका हाच प्रश्न मजुरीविषयी हाताळला आहे. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने करार केला म्हणजे तो न्याय्य झाला, हे त्यांनी नाकारले. गरजेपोटी किंवा अधिक वाईट घडेल या भयापोटी मजुराने कठोर अटी पत्करल्या तर तो सक्तीचाच बळी होय, असा त्यांचा निवाडा आहे. मी १ मेच्या प्रवचनात त्या परिपत्रकाचे नाव घेतले होते.

पण तिला गरज नव्हती आणि माझे भयही नव्हते, असे कोणी म्हणेल. मी तिला काय करणार होतो? येथे मला माझ्याच कचेरीतल्या एका कागदाची आठवण होते. लग्नापूर्वी वधूची आणि वराची आम्ही वेगवेगळी बसवून चौकशी करतो. तू स्वतःच्या मर्जीने आली आहेस ना? कोणाचा दबाव नाही ना? हा प्रश्न आम्ही उगाच विचारीत नाही. धर्मसंहितेच्या १,१०३ व्या नियमानुसार बाहेरून आलेल्या गंभीर भयापोटी, सुटकेचा अन्य मार्ग नाही म्हणून दिलेली संमती विवाह सिद्ध करीत नाही. आणि ते भय कोणी हेतुपुरस्सर घातलेले नसले तरीही तो नियम लागू होतो. धर्मशास्त्रज्ञ या संदर्भात आदरयुक्त भयाचाही विचार करतात. आईवडील किंवा वडीलधारे मारणार नसतात, घराबाहेर काढणार नसतात. त्यांचे मन मोडेल एवढ्या धास्तीनेच मुलगी हो म्हणते. केकला हा नियम लागू नाही, हे मला कळते. पण पाच हजारांना ‘बरं’ म्हणताना त्या बाईसमोर कोण होते? तिच्या मुलांना बाप्तिस्मा देणारा, तिच्या सासूला अखेरचा अभ्यंग करणारा, रविवारी वेदीवर उभा राहणारा मनुष्य. त्याने वर देवाचे नावही घेतले होते. ज्या खोलीत बसून मी शेकडो जोडप्यांना तुमच्यावर कोणाचा दबाव नाही ना असे विचारले, त्याच खोलीतून तो फोन केला होता आणि तो प्रश्न तिला विचारायचे मला सुचले नाही.

शिवाय मी ज्या दयेने द्रवलो होतो तिची किंमत कोणाच्या खिशातून गेली? मला त्या घराची कणव आली, हे खरे होते. तीन हजारांची तूट होती. मी ते दिले असते, धर्मग्रामाच्या गरीब निधीतून देता आले असते, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मंडळींना शब्द टाकता आला असता. ते करण्याऐवजी मी एका दुसऱ्या गरीब घरावर ती तूट ढकलली आणि औदार्याचे समाधान स्वतःकडे ठेवले. दुसऱ्याच्या पैशाने केलेले हे दान होते. आणि ज्याच्या पैशाने केले त्याचीच रात्री साडेदहाला मी खरडपट्टी काढली.

प्रायश्चित्त संस्कारात याविषयी जे सांगायचे ते मी सांगितले. पण अन्यायाची भरपाई करावी लागते, नुसती कबुली पुरत नाही, हेही आम्हीच लोकांना शिकवतो. मी तिला तीन हजार देऊ केले. तिने घेतले नाहीत. केक वेळेवर गेला नाही, तिसरा थर नव्हता, तर पूर्ण पैसे कसे घेऊ, असे तिचे म्हणणे. आणि ते न्यायाला धरून होते. मग मी त्या मुलाला बोलावून सारे काही सांगितले, वहीतल्या आकड्यांसकट. त्याला राग येईल असे मला वाटले होते. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसला आणि म्हणाला, “फादर, पाचात दोनच थर होतात असं तिनं सांगितलं असतं तर आम्ही दोनच घेतले असते. आम्हाला कुठं तीन पाहिजे होते?”

तीन थर मीच म्हणालो होतो. फोनवर, माझ्याच तोंडाने.

दोन थरांचे म्हणून राहिलेले तीन हजार तो तिला नेऊन देऊन आला. मदतीच्या मुलीची बुडालेली मजुरी मी दिली. ती मात्र बाईने त्या मुलीच्या वतीने ठेवून घेतली.

त्या वर्षी नाताळात वृद्धांच्या मेळाव्यासाठी मला केक हवा होता. मी तिला फोन केला आणि आधीच म्हणालो, “हे बघ, तुझा जो भाव असेल तो सांग. जमत नसेल तर मोकळेपणाने नाही म्हण, मला वाईट वाटणार नाही.” ती म्हणाली, “बरं, फादर.” केक वेळेवर आला, बिलही आले. तरीही ते ‘बरं’ मोकळे होते की पूर्वीचेच होते, हे मला ओळखता आलेले नाही. नाही म्हण, असा हुकूम दिल्याने कोणाला नाही म्हणता येत असेल असे वाटत नाही. आता असे फोन मेळाव्याच्या कमिटीतल्या बायका करतात. त्यांच्याशी ती भावावरून चांगली भांडते असे ऐकतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या नवरीच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. केक त्याच बाईकडचा होता. मामाने स्वतःच फोन करून विचारले होते, किती होईल आणि जमेल का. जमेल, पण रविवारी पोचवता येणार नाही, शनिवारी संध्याकाळी येऊन न्यावा लागेल, असे ती म्हणाली. एक किलोचा, सुक्यामेव्याचा, वर काही नाही. शनिवारी पाऊस होता. त्याने रिक्षाचे दोन्ही पडदे सोडले, मागच्या सीटवर टॉवेलाची चुंबळ करून त्यावर खोका ठेवला, आणि भाडे न घेता तो हळूहळू घरी आला.